सेलवरचे पिकअप आणि माझं मनगट

माझ्या गिटारच्या पाठीत खाच कोरायची की नाही, यावर गेल्या गाळप हंगामानंतर आमच्या घरात बरेच दिवस बोलणं चाललं होतं. घर अंकुशनगरला, साखर कारखान्याच्या वसाहतीपलीकडं बाबांनी बांधलेलं. बाबा कारखान्याच्या इलेक्ट्रिक खात्यातून निवृत्त झाले. मी त्याच कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे. आणि आई आम्हा दोघांच्या जेवणाचं, औषधांचं आणि स्वभावांचं बघते. गिटारवर मी मेटल वाजवते. ते कसलं संगीत असतं असं कुणी विचारलं, तर आमच्या शेजारच्या काकूंचं वर्णन पुरेसं आहे : "गिरणीचा पट्टा तुटल्यावानी."

हे वेड एम.एस्सी.ला संभाजीनगरला असताना लागलं. होस्टेलला माझ्या खोलीशेजारी एक शहागडची मुलगी राहायची. तिच्या वडिलांचं हायवेवर ट्रकच्या टायरचं दुकान. ती मेसच्या टेबलावर दोन चमच्यांनी असा ठेका धरायची की वाढणाऱ्या मावशी तिच्यावर ओरडायच्या. सुट्टीत आम्ही दोघी एकाच बसनं गावी यायचो, एकाच मोबाइलचे हेडफोन एकेका कानात घालून. शिक्षण संपलं, ती शहागडला गणिताचे क्लास घ्यायला लागली, मी कारखान्यात लागले, आणि बाकीच्या मैत्रिणी लग्न होऊन कुठं कुठं गेल्या. आम्ही दोघी मात्र स्कूटीवरून जाण्याच्या अंतरावर राहिलो. तिनं जुना ड्रमसेट घेतला, मी गिटार घेतली, आणि आमचा दोघींचाच बँड झाला.

सराव तिच्या वडिलांच्या दुकानामागच्या गोदामात. शुक्रवारी दुपारनंतर दुकान बंद असतं, तेव्हा. चारी भिंतींना छतापर्यंत जुने टायर रचलेले, त्यामुळं आवाज बाहेर फारसा जात नाही. सगळीकडं रबराचा वास. चाचा, म्हणजे तिचे वडील, नमाजहून आले की एकदा डोकावतात आणि म्हणतात, "बराबर चल्राय ना?" आम्ही मान हलवली की दार ओढून घेतात.

गेल्या हंगामात मी लॅबमधून परत येत होते. वळणावर एका ट्रॉलीतून उसाची मोळी सुटून रस्त्यावर पडल्ती, तिच्यावरून गाड्या जाऊन चोथा झाल्ता. स्कूटी त्यावर घसरली. मी उजव्या हातावर पडले आणि मनगट मोडलं. प्लास्टर लागलं, निघालं, अंबडच्या डॉक्टरांनी व्यायाम सांगितले, तेही केले. लिहिता यायला लागलं, पोळी लाटता यायला लागली. पण मेटलमध्ये उजव्या हाताला एक वेगळंच काम असतं. तळहाताची कड तारांवर दाबून ठेवायची आणि वरून खाली, वरून खाली असे एकसारखे फटके मारत राहायचे, ड्रमच्या बरोबरीनं. त्यात पहिल्या ओळीला माझा हात ठीक चालायचा. दुसऱ्या ओळीपासून तो मऊ पडायचा. एक फटका जोरात, एक नुसता तारेला पुसून गेलेला.

त्याच सुमारास ते पिकअप आले.

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली पिकअप नावाच्या लांबट डब्या बसवलेल्या असतात. चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली केसाएवढी तांब्याची तार, एवढंच त्यात असतं. वरची तार थरथरली की डबीत बारीकशी वीज तयार होते आणि ती अ‍ॅम्पमधून मोठी होऊन बाहेर पडते. हे झाले पॅसिव, माझ्या गिटारला होते तसले. दुसरे अ‍ॅक्टिव. त्यांच्या पोटात एक छोटं सर्किट असतं आणि ते चालवायला नऊ व्होल्टचा चौकोनी सेल लागतो. पॅसिवमध्ये आवाजामागं जी सतत घूं घूं चालते, ती यांच्यात फार कमी. शिवाय फटका हलका पडो की जोरात, आवाज जवळपास एकाच उंचीचा निघतो. मेटल वाजवणारे या दोन्हींवरून इंटरनेटवर एकमेकांची आईबहीण काढतात. मी आधी ते सगळं गंमत म्हणून वाचायची. हात मोडल्यावर गंभीरपणे वाचायला लागले.

संभाजीनगरच्या एका ओळखीच्या गिटारवाल्याकडं अ‍ॅक्टिवची जोडी पडून होती. तो म्हणाला, "लावून बघा. जमले तर ठेवा, न्हाईतर परत द्या." मी ते घेऊन आले. घरी जेवताना सांगितलं, "बाबा, मी पिकअप बदलायचं म्हणतेय."

आईनं भाजी वाढता वाढता हात थांबवला. "पिकअप? अगं, स्कूटी धड चालवता येईना, अन् पिकअप घेतीस? लावायची कुठं ती? दारात तर लिंबाचं झाड."

आमच्याकडं पिकअप म्हणजे टोमॅटो, कोंबड्या आणि वऱ्हाड नेणारी गाडी. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग मी गिटार आणून तारांखालच्या दोन डब्या आईला दाखवल्या. तिनं बोट लावून बघितलं आणि म्हणाली, "एवढ्याशा वस्तूला एवढं मोठं नाव!"

बाबांनी गिटार उलटी करून मागचं झाकण काढलं. आतल्या कप्प्यात बटणं आणि तारा दाटीवाटीनं बसलेल्या. सेल मावायला बोटभरही जागा नव्हती. "मागून लाकूड कोरावं लागंल," ते म्हणाले. त्यांनी पेन्सिलीनं गिटारच्या पाठीवर सेलच्या मापाचा चौकोन आखला. पटाशी काढायला उठले, तसं मीच म्हणाले, "आत्ता नको. आधी वाजवून बघते." लाकूड एकदा कोरलं की परत भरता येत नाही, हे एक. दुसरं म्हणजे ती गिटार मी माझ्या पहिल्या हंगामाच्या बोनसमधून घेतली होती, आणि त्या गुळगुळीत काळ्या पाठीवर पेन्सिलीची रेघसुद्धा मला बघवत नव्हती.

बाबांनी जुने पिकअप काढून नवे जोडले आणि सेल बाहेर पाठीवर काळ्या चिकटपट्टीनं चिकटवला. तशी ती गिटार घेऊन मी शुक्रवारी शहागडला गेले.

पहिला फटका मारला आणि मला हसूच आलं. अ‍ॅम्पमधली नेहमीची घूं घूं नाही. फटके एकाखाली एक, विटा रचाव्यात तसे. दुसरी ओळ, तिसरी ओळ, कुठंच आवाज खाली बसत नव्हता. हात मोडायच्या आधी मी जशी वाजवायची, त्याहून चांगलं वाजत होतं. डोळ्यांत पाणी आलं म्हटलं तर तुम्हाला खोटं वाटेल, पण आलं. इतके महिने मी मनात धरून बसले होते की आता आपल्याला हे येणार नाही.

गाणं संपलं. मैत्रिणीनं काठ्या मांडीवर ठेवल्या.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"मस्त आहे. बिलकुल साफ." मग म्हणाली, "पण तू कुठं होतीस?"

"म्हणजे?"

"मला तुझा हात ऐकू येईना. मी मघापास्नं शोधून राह्यले."

"तेच तर पाहिजे ना. हात ऐकू नाहीच आला पाहिजे. हात मोडलेला आहे."

"मंग लपवायला घेतले का हे?"

मला राग आला. लॅबमध्ये आम्ही उसाचा रस गाळून, स्वच्छ करूनच यंत्रात घालतो, नाहीतर धड आकडाच मिळत नाही. एखादी गोष्ट स्वच्छ करून पुढं ठेवणं म्हणजे लपवणं, असं मला कधीच वाटलं नाही. आणि जिचे दोन्ही हात धडधाकट आहेत तिनं मला हे ऐकवावं? मी तसं बोललेही. ती म्हणाली, "बरं बाई, तुझी गिटार, तुझा हात." पुढचे सराव आम्ही केले, पण कामापुरतं बोलून. सरावाला कारणही होतं. संभाजीनगरला एका छोट्या हॉलमध्ये रविवारी दुपारी चार-पाच बँड वाजवणार होते आणि त्यात आम्हाला तीन गाणी मिळाली होती.

त्या दिवसांत मी घरीही रोज वाजवायची. ड्युटीवरून आले की चहा घेऊन बसायची ती आई जेवायला हाक मारेपर्यंत. आवाज इतका नेटका यायचा की थांबावंसं वाटायचं नाही. मनगट दुखायचं, पण कानाला काही कळत नव्हतं, म्हणून मीही कळू दिलं नाही. आधी आवाज खाली गेला की मी आपोआप गिटार बाजूला ठेवायची. आता आवाज खाली जातच नव्हता.

एका सकाळी उठले तर मनगट सुजून गोळा झालं होतं. वेणीला रबर लावता येईना. आईनं माझी वेणी घातली, शाळेत असताना घालायची तशी, आणि बाबा मला अंबडला घेऊन गेले.

डॉक्टरांनी हात फिरवून बघितला. "काय केलंत?"

"गिटार वाजवली."

"दुखत होतं का न्हाई वाजवताना?"

"दुखत होतं."

"मग थांबल्या का नाहीत?"

मी खरं होतं तेच सांगितलं. "आवाज बरोबर येत होता, म्हणून."

डॉक्टरांना ते काही समजलं नसावं. त्यांनी पट्टा बांधला, गोळ्या लिहून दिल्या आणि गिटारला हात लावायचा नाही असं बजावलं. परतताना बाबांच्या गाडीवर मागं बसून मी माझंच उत्तर पुन्हा पुन्हा मनात म्हणत होते. त्या पिकअपचा काही दोष नव्हता. ते करायला सांगितलेलं काम चोख करत होते. माझा थकवा त्यांनी जगापासून झाकला, तो माझ्यापासूनही झाकला गेला. याचा विचार मी केला नव्हता.

मैत्रिणीला मी फोन केला नाही. आईनं केला असावा. दुसऱ्या दिवशी ती घरी आली, चाचींनी दिलेला शीरखुर्म्याचा डबा घेऊन. माझा पट्टा बघितला. आईशी गप्पा मारल्या, बाबांना विचारलं, "काका, तब्येत बरी ना?" आणि मग माझ्या खोलीत येऊन पलंगावर बसली.

"सांगू का एक? रागावू नको."

"सांग."

"तुझं प्लास्टर निघाल्यापास्नं मी तुझ्या हाताकडं कान देऊन वाजवते. तुझा फटका मऊ पडायला लागला ना, की मी पायाचा ड्रम थोडा हलका करते. लईच मऊ पडला तर ओळ संपवून टाकते, ड्रमची थाळी मारून. तुला दम खायला मिळतो. तुला कळलं न्हाई का?"

मला कळलं नव्हतं. मला वाटायचं ती गाण्यात मुद्दाम तसे बदल करतेय. कधीकधी तर वाटायचं, हिचाच ताल सुटतोय.

"त्या सेलवाल्यावर मला काही कळंना," ती म्हणाली. "तू थकली का न्हाई, थांबू का पळू. मी आपली धावत गेले. तू बी धावत आलीस. अन् हे झालं." तिनं माझ्या पट्ट्याकडं बोट केलं. "मंग मला म्हणतीस, दोन्ही हात धडधाकट आहेत."

मी माफी मागितली. ती म्हणाली, "ते सोड, खुर्मा गार व्हायलाय." आम्ही एकाच वाटीत खाल्लं, डाव्या हातानं मला चमचा नीट धरता येत नव्हता म्हणून मधले दोन-चार घास तिनंच भरवले.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "मंग, खाच कोरायची का न्हाई? पेन्सिलची खूण पुसून चाल्ली."

"न्हाई बाबा. जुनेच बसवा."

"पक्कं?"

"या हाताला तरी पक्कं."

ते बरं म्हणाले. पण त्यांच्या डोक्यात घूं घूं राहिली होती. अ‍ॅक्टिव लावले तेव्हा आईलाही ती गेलेली आवडली होती. गाण्यापेक्षा तीच जास्त ऐकू येते, असं तिचं जुनं म्हणणं. बाबा म्हणाले, "तुझा हात तारेला लागला की ती कमी होती ना? मंग घराचं अर्थिंग बघावं लागंल." घर बांधताना घाईत केलेलं अर्थिंग वाळून निकामी झालं होतं. त्यांनी नळाजवळ नवा खड्डा घेतला, त्यात पट्टी उभी केली, कोळसा आणि जाडं मीठ भरलं आणि आईला सांगितलं की इथं रोज बादलीभर पाणी घालत जा. आई अजून घालते. तिनं त्याशेजारी कढीपत्ता लावला होता, तो मिठानं जळाला, त्याबद्दल ती मला आणि मेटलला मिळून बोल लावते. घूं घूं पूर्ण गेली नाही, पण पुष्कळ उतरली.

विश्रांतीचे दिवस संपले तेव्हा कार्यक्रम जवळ आला होता. मी माघार घ्यायच्या बेतात होते. मैत्रीण म्हणाली, "तीन गाणी न्हाई जमत तर दोन वाजवू. अन् जल्दीवालं गाणं हळू करू." जे गाणं आम्ही धावत वाजवायचो ते तिनं अर्ध्या वेगावर आणलं. मी फटक्यांच्या मध्ये जागा सोडायला शिकले. गंमत म्हणजे ते गाणं हळू केल्यावर जास्त जड वाटायला लागलं. ट्रक रिकामा असताना धावतो आणि ऊस भरला की दबकत चालतो, तसं. चाचांनी पहिल्यांदाच गोदामाच्या दारात थांबून अख्खं गाणं ऐकलं. संपल्यावर म्हणाले, "ये अच्छा है. इसमें सांस है."

रविवारी त्यांच्याच गाडीतून सामान घेऊन आम्ही गेलो. हॉलमध्ये बहुतेक कॉलेजची पोरं, सगळी काळ्या टी-शर्टात. आमच्या दोघींकडं आधी जरा विचित्र नजरेनं बघितलं त्यांनी, मनगटाच्या पट्ट्याकडं तर जास्तच. पहिलं गाणं नीट गेलं. दुसऱ्यात, शेवटच्या भागात, माझा हात मऊ पडायला लागला. मी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिनं थाळी मारली, ओळ तोडली, दोन ठोके नुसत्या पायावर काढले. मी हात झटकला, पुन्हा तारांवर ठेवला, आणि तिच्याबरोबर आत शिरले. समोरची पोरं त्याच जागी सगळ्यात जास्त ओरडली. त्यांना ते गाण्यातलंच वाटलं.

खरं तर ते गाण्यातलंच होतं, असं आता मला वाटतं. पण त्या क्षणी मला एवढंच कळत होतं की आपला हात थकलाय, ते आपल्याला ऐकू येतंय, आणि आणखी एकीलाही ऐकू येतंय.

पिकअपचा मालक तिथंच भेटला. मी त्याची जोडी परत दिली. "आवडले न्हाईत का?" त्यानं विचारलं.

"लई आवडले," मी म्हणाले. त्याला पुढचं सांगायला वेळही नव्हता, स्टेजवर त्याच्या बँडला बोलावलं होतं. तो अ‍ॅक्टिवच वाजवतो. लखलखीत वाजवलं त्यानं. मी पहिल्या रांगेत उभी राहून ऐकलं आणि मला हेवाही वाटला.

आता हात पुष्कळ सुधारलाय. डॉक्टर म्हणतात, आणखी सुधारेल. मधे एकदा बाबांनी विचारलं की आता ते सेलवाले घ्यायचे का, पटाशीला धार लावून ठेवलीय. मी नाही म्हटलं नाही. मनगट पूर्ण बरं झालं तर घेईनही. अ‍ॅक्टिव खोटे आणि पॅसिव खरे, असलं काही मी मानत नाही. वाजवणाऱ्याला त्या वेळी काय ऐकू यायला हवं, एवढाच तो हिशोब आहे. एक मात्र ठरलंय. घेतले तर पहिल्या दिवशी मैत्रिणीला गोदामात शेजारी बसवून घेणार, आणि हात दुखला की तोंडानं सांगणार. तिला मी हे बोलले तेव्हा ती नव्या गाण्याचा ठेका गुडघ्यावर वाजवत होती. "तोंडानं सांगायला शिक आधी," ती म्हणाली, "चल, हे ऐक, सात मात्रांचं बसवायलेय," आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.